वेशीवरचं पाणी

आमच्या क्लबात गाडी नुसती जुनी असून भागत नसे, ती हौसेनं जुनी ठेवलेली असावी लागे. लोणावळ्याच्या बाजारात कोळसा वाहणारी एक खटारा मोटार होती. आमच्या सगळ्यांच्या गाड्यांहून ती म्हातारी, पण तिच्या मालकाला कुणी कधी सभासद व्हा म्हटलं नाही, कारण त्याची गाडी गरजेपायी जुनी राहिली होती. तेव्हा मला हे अगदी रास्त वाटायचं. आता आठवलं की कानशिलं तापतात.

साठीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आमचं बाजारात औषधांचं दुकान. सासऱ्यांना एका बंगलेवाल्या साहेबानं विलायतेला जाताना आपली गाडी दिली, आणि सासऱ्यांच्या मागं ती माझ्या नवऱ्याकडे आली. महायुद्धाच्या आधीची, काळी, टप उघडणारी. आमचे हे त्या गाडीचे असे लाड करायचे की मुलांच्या तापाला जेवढे जागले नसतील तेवढे त्या कार्बोरेटरपायी जागले. तिच्यातला प्रत्येक भाग मूळचा होता. 'मूळचा' हा आमच्या क्लबातला सगळ्यांत मोठा शब्द. कुणाचा आरसा नवीन निघाला तर तो माणूस घरात चोरी सापडल्यासारखा मान खाली घालायचा. आमच्या गाडीला मात्र सर्वांत अस्सल म्हणून ढाल मिळाली होती, आणि ती ढाल आमच्या घरात देवांच्या वरच्या फळीवर होती. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, पण ढाल हलली नाही.

क्लबाचे अध्यक्ष लष्करातून निवृत्त झालेले होते. महिन्यातून एका रविवारी फेरी निघायची, आणि वैशाखात वर्षाची मोठी सहल. त्या सहलीला पोशाखही जुना हवा असा नियम होता. पुरुषांनी फेटा, लांब कोट, धुळीचे मोठे चष्मे. बायकांनी नऊवारी आणि नथ. पुढच्या गाडीला झेंडूच्या माळा बांधायच्या. जिथं थांबू तिथं अध्यक्षांनी आधी निरोप धाडलेला असे, मग सरपंच किंवा शाळेचे मास्तर येऊन पुढच्या गाडीला हार घालत, चहा देत, आणि आम्ही पोरांना हॉर्न वाजवू देत असू. आमचं औदार्य तेवढंच.

माझं माहेर इंदुरीचं. वडील दुसऱ्याची शेती वाट्यानं करायचे. मी मॅट्रिक झाले म्हणून दुकानदाराच्या घरात पडले. क्लबातल्या बायकांनी माहेर विचारलं की मी तळेगाव सांगायची. इंदुरी तळेगावजवळच आहे, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं. बोलताना 'कुठे' आणि 'नाही' हे शब्द मी पानात चुना लावावा तसे जपून वापरायची. त्या वर्षी मुंबईहून येणाऱ्या एका सभासदाच्या बायकोनं मला नऊवारी नेसवली, जागोजाग पिना लावल्या, आणि मागं सरून म्हणाली, "तुम्हाला शोभते हं अगदी!" माझी आई त्याच वेळी इंदुरीत नऊवारीचा काचा मारून शेण सारवत असणार. मी त्या बाईला थँक्यू म्हटलं.

तर त्या वर्षीची सहल आंदर मावळात ठरली. कामशेतवरून कान्हे फाटा, तिथून टाकवे बुद्रुक, आणि टाकव्याच्या पुढं डोंगराकडे जाऊन नदीकाठी जेवण. टाकव्याच्या अलीकडे-पलीकडे कुठल्यातरी वाडीत स्वागत होईल, तशी व्यवस्था झालीय, असं अध्यक्षांनी सांगितलं होतं. ढालवाली म्हणून आमची गाडी सर्वांत पुढं, तिच्यात आमचे हे आणि अध्यक्ष. बायकांची गाडी नेहमीप्रमाणे सर्वांत मागं, सगळ्यांची धूळ खायला.

आता एक गोष्ट मला नंतर कळली, पण इथंच सांगते म्हणजे घोळ होणार नाही. टाकव्याच्या पुढच्या एका वाडीत त्याच दिवशी लग्न होतं. नवरदेव बेगडेवाडीकडचा, पिंपरीला कारखान्यात लागलेला. साहेबांनी मोटार द्यायचं कबूल केलंय, नवरा मोटारीनं येईल, असा त्याच्याकडून निरोप आला होता. त्या वाडीत देवीची लस टोचणाऱ्यांच्या जीपशिवाय मोटार कधी आलेली नव्हती. वाडी सकाळपासून वेशीवर बसून होती. आणि भर दुपारी समोरून माळा बांधलेली मोटार आली, तिच्यात फेटेवाला तरुण, आणि तिच्यामागं आणखी मोटारींची रांग. वाजंत्री वाजायला लागली. आमच्या लोकांना वाटलं स्वागत. वाडीला वाटलं वऱ्हाड.

आमची मागची गाडी चढावर तापून थांबली होती. ती निवून वाडीत पोचेपर्यंत पुढच्या गाड्या वेशीतल्या, दोन्ही बाजूंच्या दगडी गडग्यांमधल्या अरुंद वाटेत एकामागोमाग उभ्या राहिल्या होत्या. रेडिएटरमधून वाफा निघत होत्या. पोरं फूटबोर्डावर चढली होती. आम्ही थांबतो न थांबतो तोच एक बाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन माझ्याकडे आली. कपाळाला कुंकू लावून म्हणाली, "करवलीबाई, उतरा की. दमला असाल उन्हाचं."

मला आधी गंमत वाटली. म्हटलं, "मी कुणाची करवली?"

"आता! नवरदेवाची भन न्हवं का तुमी?"

माझ्या तोंडून कित्येक वर्षांत न निघालेला शब्द निघाला. "नवरदेव कुटाय?"

तिनं पुढं बोट दाखवलं. पहिल्या गाडीपाशी पाट मांडलेला होता. पाटाभोवती रांगोळी. पाटावर माझा नवरा उभा होता, धुळीचा चष्मा अजून डोळ्यांवर, विजार घोट्यांच्या वर धरलेली, पाय ओले. त्याच्यापुढं एक म्हातारा गुडघ्यांवर बसून आपल्या उपरण्यानं त्याची पावलं टिपत होता. अध्यक्ष बाजूला हार घालून उभे होते आणि कौतुकानं मान डोलवत होते. सहलीत इतकं साग्रसंगीत स्वागत याआधी झालं नव्हतं.

मी पिना तुटेस्तोवर धावले. जवळ गेल्यावर म्हाताऱ्याचे डोळे दिसले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, दुधाळ. तो नवरीचा आजा होता, सगळी वाडी त्याला आबा म्हणत होती. वेशीवर घरातल्या वडीलधाऱ्यानं नवरदेवाचे पाय धुवायचे, त्याशिवाय नवरदेवानं गावात पाऊल टाकायचं नाही, ही तिथली रीत. मला ती माहीत होती. आमच्याकडेही माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात अशीच झाली होती. नवरीचा बाप मांडवात देवकाशी बसलेला, नवरदेवाला याआधी पाहिलेली माणसं दोन-चारच, आणि तीही आत कामात. बाकीच्यांनी मोटार पाहिली आणि तेवढ्यावर विश्वास ठेवला.

मी म्हाताऱ्याजवळ वाकले. "आबा, ह्यो नवरदेव न्हाई."

"आं?"

"नवरदेव न्हाई ह्यो. ह्यो माजा नवरा हाय. आमी सहलीला आलोय."

वाजंत्री एकेक करून थांबली. सनईवाला सर्वांत शेवटी. त्या शांततेत आमच्या गाड्यांमधून कुणीतरी फस्सकन हसलं, आणि मग अध्यक्ष मोठ्यानं म्हणाले, "अरे वा, म्हणजे तुझं दुसरं लग्नच लागलं की!" सगळी रांग हसली. मुंबईची बाई माझ्याकडे डोळे मोठे करून पाहत होती, मी 'न्हाई' म्हणाले म्हणून. आणि मला त्या वेळी आधी त्याचीच लाज वाटली. ओल्या उपरण्याचा बोळा हातात घेऊन म्हातारा समोर बसलेला, आणि मला लाज कशाची वाटावी, तर माझ्या बोलण्याची. माझी धाव तिथवरच.

म्हातारा रागावला नाही. त्यानं चाचपडत पाटाची कड धरली आणि उठत म्हणाला, "मंग नवरदेव कुटं ऱ्हायला?"

वरातीमागून घोडं म्हणतात तसा नवरदेव तेव्हाच आला. टाकव्याच्या वाटेनं माणसं चालत येताना दिसली. बाया डोक्यावर पदर ओढून, गडी खांद्यावर पोरं घेऊन, आणि मध्ये मुंडावळ्या बांधलेला एक काळा किडकिडीत मुलगा, धुळीनं गुडघ्यांपर्यंत माखलेला. साहेबाची मोटार आली नव्हती. लोकलनं कान्ह्याला उतरून तिथून सगळे पायी आले होते. मोटार आणतो म्हणून सांगून पायी यावं लागलं, ते तोंड कसं दाखवायचं याच्या धाकात सगळी येत असणार. आणि वेशीत येऊन पाहतात तो मोटारी उभ्या, पाट ओला, रांगोळी विस्कटलेली.

नवरदेवाच्या मामाला काय झालं ते कळायला वेळ लागला नाही. पोरांनीच ओरडून सांगितलं. मामानं पिशवी खाली ठेवली आणि नवरदेवाचा दंड धरला. "दुसऱ्याचं पाय धुतलेल्या पाटावर आमचा नवरा उभा ऱ्हानार न्हाई," तो म्हणाला. "मोटारवाल्याला पाय धुवून आत घेतलं, आन आमी चालत आलो म्हून येशीवर उभं व्हय? चला रं माघारी."

"तसं न्हाई, पाव्हनं," आबा म्हणाला. "माज्या डोळ्यानं घात केला."

"डोळ्यानं न्हाई, मोटारीनं," मामा म्हणाला.

मांडवाच्या दिशेनं बायकांचा कालवा ऐकू आला. नवरीपर्यंत बातमी गेली होती. वेशीवरून वऱ्हाड माघारी फिरलं तर त्या मुलीचं काय होतं हे मी जाणत होते. इंदुरीत आमच्या शेजारी अशी एक मुलगी होती. तिला मग कुणी विचारलं नाही, आणि का विचारलं नाही तेही कुणी बोललं नाही.

नवरदेव पहिल्यांदा बोलला. आवाज अगदी बारीक. "मामा, ह्यांच्या मोटारी भायेर जाऊ द्या. मंग आपुन नव्यानं येऊ."

मामानं आमच्या गाड्यांकडे पाहिलं. "व्हय. आदी ह्यांना येशीभायेर काडा. मंगच आमी पाऊल टाकू."

आता आमच्या क्लबाची खरी शोभा झाली. वाट इतकी अरुंद की गाडी वळवायला जागा नाही, मागं घ्यायला उलटा चढ. दोनच गाड्या हँडल मारून सुरू झाल्या. बाकीच्या तापलेल्या, त्या हँडल मारून मारून माणसं घामाघूम झाली तरी ढिम्म हलेनात. अस्सल होत्या ना. शेवटी गाड्या ढकलायच्या ठरलं, आणि ढकलणार कोण, तर ज्यांची वाट अडवली होती तेच. वाडीचे गडी एका बाजूनं, कान्ह्याहून चालत आलेलं वऱ्हाड दुसऱ्या बाजूनं. नवरदेवसुद्धा मुंडावळ्या मागं टाकून खांदा लावून होता. अध्यक्ष गाडीत बसून सूचना देत होते, "मडगार्डला हात नको, रंग मूळचा आहे!" बायकांनी उतरू नये, साड्या खराब होतील, असं कुणीतरी म्हणालं, आणि त्या बसून राहिल्या, गाडीसकट ढकलल्या गेल्या. मी रस्त्यावरच उभी होते. मलाही हात लावावासा वाटला, पण पिना तुटून नेसू सुटायला आलं होतं, ते मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. माझ्या आईनं नऊवारीत आयुष्यभर भाताची लावणी केली. मला त्या नेसण्यात चार पावलंही टाकता येईनात. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाड्या वेशीबाहेर निघाल्या. वऱ्हाडही बाहेर गेलं, आणि नव्यानं येऊन उभं राहिलं. बायकांनी पाट उचलून नवा मांडला, रांगोळी घातली, वाजंत्री लागली. आबा पाटासमोर बसला आणि त्यानं हात पुढं केला. "पानी द्या."

पाणी नव्हतं.

म्हणजे वाडीत पाणी होतं, रांजणात होतं, चुलीवर होतं. पण नवरदेवाचे पाय धुवायला ते चालत नाही. त्यासाठी पहाटे पाच सवाशिणींनी वाजतगाजत खालच्या झिऱ्यावर जाऊन तांब्याची घागर भरून आणलेली असते, आणि ती वेशीवरच ठेवायची, घरात न्यायची नाही. ती घागर रिकामी पडली होती. माझ्या नवऱ्याचे पाय धुवून झाल्यावर उरलेलं सगळं पाणी पोरांनी आमच्याच गाडीच्या रेडिएटरात ओतलं होतं. नवरदेवाची मोटार तहानलीय म्हणाली होती ती, आणि अध्यक्षांनी झाकण उघडून दिलं होतं.

झिरा म्हणजे नदीच्या वाळूत उकरलेला खड्डा, तोही दूर खाली. पाच जणी पुन्हा जाऊन येईपर्यंत लग्नाचा मुहूर्त टळला असता. मामानं परत पिशवी उचलली.

आमचे हे वेशीबाहेर गाडीला टेकून उभे होते. फेटा काढून हातात घेतलेला. मी त्यांच्यापाशी गेले. "अहो, पाणी तुमच्या गाडीत आहे."

त्यांना लगेच कळलं. कळलं आणि तोंड उतरलं. रेडिएटरच्या तळाशी एक पितळी तोटी होती. ती कित्येक वर्षांत फिरली नव्हती, घट्ट बसली होती. जोर लावला तर तुटणार हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. तशी तोटी आता कुठं मिळत नाही, हे मी रात्रंदिवस ऐकलेलं होतं.

"वेडा आहेस का?" अध्यक्ष म्हणाले. "ओरिजिनल पार्ट आहे. त्यांना म्हणावं, विहिरीचं घ्या. पाणी ते पाणी."

ह्यांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला वाटलं आता ते ऐकतील त्यांचं, नेहमी ऐकत तसं. मग त्यांनी कोट काढला, पक्कड घेतली आणि गाडीखाली शिरले. बराच वेळ नुसता धातूचा कुरकुर आवाज. मग तोटी तुटली. पाणी एकदम आलं, ऊन ऊन, ह्यांचा हात पोळला. एका बाईनं घागर खाली धरली. पाणी गंजानं तांबडं झालेलं, वर तेलाचा तवंग.

घागर पाटाशी आणून ठेवली. मामानं आत डोकावून पाहिलं आणि त्याचं नाक वर गेलं. "ह्ये? गंजाचं पानी?"

आबानं घागरीत बोटं बुडवली. बोटं नाकाशी नेली. आणि म्हणाला, "झिऱ्याचंच हाय पाव्हनं. जरा मोटारीतनं हिंडून आलंया."

वऱ्हाडातली एक बाई हसली. मग दुसरी. मामाचा चेहरा ताणलेलाच होता, पण त्यानं पिशवी खाली ठेवली. त्या दिवशी दुसऱ्यांदा.

नवरदेव पाटावर चढला. आबानं घागरीतून तांब्या भरून त्याच्या पावलांवर पाणी ओतलं. धूळ निघाली आणि तिच्या जागी तांबूस डाग राहिले. मग आबानं पाऊल दोन्ही हातांत धरलं आणि सोडलंच नाही. अंगठ्यानं तळवा चाचपला, टाच चाचपली. टाचेला भेगा होत्या, एका बोटाला ठेच लागून रक्त सुकलं होतं. एकदा फसलेला माणूस खात्री करून घेतोय असं मला वाटलं.

"हां," तो म्हणाला. "ह्ये पाय आमच्या घरी येनाऱ्याचं हायती."

मग मान तशीच खाली ठेवून, कुणाला दोष न देता, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "मगाशीच हाताला लागलं व्हतं मला. लय मऊ व्हतं पाय. पन म्हनलं, मोटारीनं आलाय, मऊच असत्याल. मोठ्याच्या पायाला न्हाई कसं म्हनायचं?"

आमचे हे माझ्याशेजारी उभे होते, पोळलेला हात ओल्या रुमालात गुंडाळून. त्यांनी ते ऐकलं. मागं अध्यक्षांनी हॉर्न वाजवला, जेवायला उशीर होतोय म्हणून. आम्ही दोघंही जागचे हललो नाही, आणि एकमेकांकडे पाहिलंही नाही.